पानभुंगेरे ओळखायचे कसे: झाडापासून अळीपर्यंत

पानावर चकाकणारा छोटा भुंगेरा दिसला की बहुतेक जण त्याच्या पाठीचा एक फोटो काढतात आणि रंग-ठिपके जुळवत बसतात. पानभुंगेऱ्यांच्या बाबतीत हा मार्ग फार पुढे जात नाही. त्यांच्या क्रायसोमेलिडी कुळात आजवर ३५,०००हून जास्त जातींचं वर्णन झालं आहे. त्यातल्या कित्येक निळ्या-हिरव्या, तुकतुकीत आणि पाच-सहा मिलिमीटर लांबीच्या आहेत. शिवाय एकाच जातीत हिरवे, तांबूस आणि जवळजवळ काळे असे तिन्ही रंगांचे भुंगेरे सापडू शकतात. फोटोवरून नाव सुचवणारी मोबाइल ॲप्सही इथे रंगालाच भुलतात. त्यांचं उत्तर सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्यावं, त्यापलीकडे नाही.

त्यापेक्षा तीन गोष्टींची उत्तरं शोधा. तो कोणतं झाड खातो? त्याची पावलं, मांड्या आणि डोकं कसं आहे? आणि त्याची अळी कुठे, कशी राहते? तिसरी गोष्ट लोक सहसा पाहतच नाहीत. माझ्या मते मात्र तीच सर्वांत उपयोगाची आहे, कारण या कुळातल्या उपकुळांच्या सीमा बऱ्याच अंशी अळ्यांच्या राहणीशी जुळतात.

हाताशी काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरं कापड, झाकणाच्या काही छोट्या डब्या, पेन्सिल आणि वही. फांदीखाली कापड धरून फांदीवर काठीने दोन-तीन टोले दिले की भुंगेरे टपटप खाली पडतात. गवतासाठी जाळी बरी. उड्या मारणाऱ्या जातींसाठी ओढनळी लागते, म्हणजे तोंडाने हवा ओढून किडा बाटलीत घेणारी नळी. तिच्या ओढण्याच्या टोकाला बारीक जाळी लावायला विसरू नका. संरक्षित जंगलात नमुने गोळा करायला परवानगी लागते. निरीक्षण आणि फोटो यांवर भागत असेल तर तेवढंच करावं.

पहिली पायरी: आधी झाड ओळखा

बहुतेक पानभुंगेरे खाण्याच्या बाबतीत हट्टी असतात. एखादी जात एकाच वनस्पती-प्रजातीवर (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) जगते, तर दुसरी एका कुळातल्या मोजक्या झाडांवर. यामागे रसायनशास्त्र आहे. झाडं स्वतःच्या बचावासाठी विषारी किंवा कडू द्रव्यं बनवतात. एखाद्या भुंगेऱ्याच्या वंशाने त्यांतल्या एकावर मात केली की तेच द्रव्य त्याला झाड ओळखण्याची खूण ठरतं. काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या कुकुर्बिटासिन या कडू द्रव्याची चव लागली की डायब्रोटिका प्रजातीचे भुंगेरे थांबायचं नाव न घेता खात सुटतात. विलो आणि पॉपलर झाडांवरच्या क्रायसोमेला प्रजातीच्या अळ्या त्याहून पुढे गेल्या आहेत. पानातल्या सॅलिसिनपासून त्या सॅलिसिलाल्डिहाइड बनवतात आणि पाठीवरच्या ग्रंथींच्या नऊ जोड्यांमधून थेंबांच्या रूपात बाहेर काढतात. अळीला काडीने हलकेच डिवचलं की पाठीवर थेंबांच्या रांगा उभ्या राहतात आणि उग्र वास येतो. धोका टळला की तेच थेंब ती परत आत घेते.

म्हणून भुंगेरा दिसल्यावर आधी झाडाचा फोटो घ्या: पान वरून आणि खालून, फांदीवरची पानांची मांडणी, फूल किंवा फळ असल्यास तेही. झाडाच्या प्रजातीपर्यंत पोचलात तर भुंगेऱ्याच्या शक्यता कितीतरी पटींनी कमी होतात.

एक सावधगिरी मात्र हवी. भुंगेरा झाडावर बसलाय म्हणजे तो तेच झाड खातो असं नाही, आणि पान कुरतडतोय म्हणजे तिथे त्याचा संसार चालतो असंही नाही. गाजरगवताच्या बंदोबस्तासाठी झायगोग्रामा बायकलराटा हा मेक्सिकोतला भुंगेरा १९८४मध्ये भारतात सोडण्यात आला. पुढे तो सूर्यफुलाची पानं कुरतडतो अशा तक्रारी आल्या आणि त्यावरून मोठा वाद झाला. अशा वादात विचारायचा प्रश्न एकच असतो: त्या झाडावर अंडी घातली जातात का, आणि अळी वाढून पुढची पिढी तयार होते का? प्रौढाने घेतलेले चार घास म्हणजे यजमान वनस्पतीचा पुरावा नव्हे. वहीत ‘बसलेला दिसला’, ‘खाताना दिसला’ आणि ‘अळीसकट सापडला’ या तीन नोंदी वेगळ्या ठेवा.

हा हट्टीपणा कायमचा असतो असंही नाही. बटाट्यावरचा कोलोरॅडो भुंगेरा, म्हणजे लेप्टिनोटार्सा डेसेमलिनिएटा, अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ टॉमस से यांनी १८२४मध्ये शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा रानटी, काटेरी सोलॅनमवर जगणारा एक सामान्य किडा होता. वसाहतवाले बटाटा घेऊन त्याच्या मुलखात पोचले आणि १८५९च्या सुमारास तो बटाट्यावर उतरला. पुढच्या पंधरा-एक वर्षांत तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला, आणि १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये बोर्दोजवळ त्याने बस्तान बसवलं. त्यानंतर पन्नासहून जास्त कीटकनाशक द्रव्यांना त्याने दाद दिलेली नाही. बटाटा आणि ते रानटी झाड एकाच सोलॅनम प्रजातीतलं आहे, हे इथे महत्त्वाचं. उडी घेतली तरी भुंगेरे सहसा झाडाच्या नात्यातच घेतात.

पानावरचं नुकसानही बरंच काही सांगतं. मोहरी-मुळ्याच्या कोवळ्या पानांवर छर्रे मारल्यासारखी गोल बारीक भोकं असतील तर पिसूभुंगेरे, म्हणजे उड्या मारणारे छोटे पानभुंगेरे, बहुधा फिलोट्रेटा प्रजातीचे. भाताच्या पानावर शिरांना समांतर पांढऱ्या रेघा असतील तर काटेरी हिस्पा. भोपळ्याच्या पानावर आधी गोल चर कोरलेला आणि मग फक्त आतला भाग खाल्लेला दिसला तर तिथे ऑलॅकोफोरा प्रजातीचा पानभुंगेरा शोधा. चर कोरल्याने झाडाच्या बचावद्रव्यांचा आत येणारा पुरवठा तुटतो. एपिलॅक्ना हे पान खाणारे ढालकिडेही (लेडीबर्ड) अशीच युक्ती वापरतात, म्हणून चर दिसला तरी किडा पाहिल्याशिवाय नाव लिहू नये.

दुसरी पायरी: हा पानभुंगेराच आहे ना?

भिंगातून पाऊल पाहा. नडगीच्या पुढे पावलाचे चार खंड दिसतात. तिसरा खंड बहुधा दोन पाकळ्यांचा, खालून दाट लवेचा असतो. प्रत्यक्षात खंड पाच असतात. चौथा इतका चिमुकला असतो की तो तिसऱ्याच्या पाकळ्यांमध्ये दडतो. सहाही पायांना अशी ‘दिसायला चार’ पावलं असली की आपण पानभुंगेरे आणि त्यांचे जवळचे नातलग यांच्या गटात आलो.

आता तोतये वगळायचे. ढालकिड्यांच्या पावलात तीनच खंड दिसतात आणि त्यांच्या आखूड शृंगिकांना (डोक्यावरच्या मिशांना) टोकाशी गाठ असते. पानभुंगेऱ्यांच्या शृंगिका बहुधा अकरा खंडांच्या, दोऱ्यासारख्या, शरीराच्या निम्म्या लांबीच्या आसपास असतात. सोंडकिड्यांचं डोकं पुढे सोंडेत वाढलेलं असतं. लांबशृंगी भुंगेरे मात्र चकवतात, कारण पाऊल हुबेहूब तसंच असतं. त्यांच्या शृंगिका सहसा फार लांब असतात, उंचवट्यावर उगवतात आणि डोळा त्यांच्या मुळाभोवती वळलेला असतो. आखूड शृंगिकांचे लांबशृंगीही असतात, तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नका. मेगॅलोपोडिडी आणि ऑर्सोडॅक्निडी हे दोन छोटे गट पूर्वी याच कुळात धरले जात. आता ती स्वतंत्र कुळं आहेत. जुन्या पुस्तकात ती इथे दिसली तर गोंधळू नका.

तिसरी पायरी: उपकुळ ठरवा

आज साधारण बारा उपकुळं मानली जातात. सगळी पाठ करण्याची गरज नाही. स्पायलोपायरिनी, सिनेटिनी आणि लॅम्प्रोसोमॅटिनी ही छोटी आहेत आणि बहुतेकांच्या वाट्याला क्वचितच येतात. उरलेल्यांसाठी हा क्रम सोयीचा पडतो.

सुरुवात डोक्यापासून. वरून पाहताना डोकं दिसतं का? छातीवरच्या कवचाच्या आणि पंखांच्या पसरट कडांखाली ते झाकलेलं असेल, तर ते कासवभुंगेरे, उपकुळ कॅसिडिनी. याच उपकुळात हिस्पाही येतात: लांबट, खडबडीत, कधी अंगभर काटे असलेले, आणि त्यांचं डोकं मात्र उघडं. पूर्वी हिस्पांचं वेगळं उपकुळ होतं. दोन्हींची तोंडं खाली-मागे वळलेली असतात आणि अळ्यांमध्येही दुवे सापडतात, म्हणून ते एकत्र केले गेले.

डोकं छातीत घुसलेलं, शरीर आखूड दंडगोल आणि पोटाचा शेवटचा तुकडा पंखांबाहेर डोकावतोय? मग क्रिप्टोसेफॅलिनी. पोटाचं टोक उघडं, शरीर मागे रुंद, डोकं खाली झुकलेलं आणि सापडला शेंगेत किंवा साठवलेल्या कडधान्यात, तर ब्रुकिनी. हे बियाभुंगेरे दीर्घकाळ स्वतंत्र कुळ मानले जात. पण त्यांचं सर्वांत जवळचं नातं सॅग्रिनीशी आहे, आणि सॅग्रिनी तर पानभुंगेरेच. त्यामुळे ब्रुकिनींना बाहेर ठेवणं टिकणारं नव्हतं. सॅग्रा नराच्या मागच्या मांड्या अवाढव्य असतात. पण तो त्यांनी उड्या मारत नाही, दुसऱ्या नरांशी झुंजतो.

छातीचं कवच पंखांपेक्षा स्पष्ट अरुंद आणि त्याला बाजूची धार नसेल, डोळ्यांना खाच असेल, तर क्रायोसेरिनी. बोटांत हलकेच धरून कानाजवळ न्या. लिलीवरचा लाल भुंगेरा लिलिओसेरिस आणि त्याचे भाऊबंद पोट पंखांवर घासून किरकिर आवाज काढतात. पाणवनस्पतींवर लांबट, धातूसारखा चमकणारा, लांब शृंगिकांचा भुंगेरा आणि त्याच्या पोटाखाली पाण्याने न भिजणारी रुपेरी लव असेल, तर डोनासिइनी.

इथपर्यंत उत्तर मिळालं नसेल तर तीन मोठी उपकुळं उरतात, आणि खरी कसरत इथेच आहे. समोरून चेहरा पाहा. दोन्ही शृंगिकांची मुळं एकमेकांजवळ असतील तर गॅलेरुसिनी. हे सहसा मऊ अंगाचे, लांबटसर. मुळं दूर असतील तर क्रायसोमेलिनी किंवा युमोल्पिनी. क्रायसोमेलिनी बहुधा घुमटासारखे फुगीर असतात आणि त्यांच्या पावलाचा तिसरा खंड फारसा दुभंगलेला नसतो. युमोल्पिनींचा तिसरा खंड खोल दुभंगलेला असतो. त्यांच्या पुढच्या पायांच्या मुळाशी असलेली खोबण गोल असते, क्रायसोमेलिनींची आडवी. त्यासाठी भुंगेरा उताणा करावा लागतो. उताण्या भुंगेऱ्याचा फोटो नसेल तर पुढे तुम्हाला कोणीच मदत करू शकणार नाही, हे लक्षात असू द्या.

गॅलेरुसिनींमध्येच पिसूभुंगेरे मोडतात. त्यांच्या मागच्या मांड्या फुगलेल्या असतात आणि आत कठीण पदार्थाची गुंडाळलेली स्प्रिंग असते. कीटकशास्त्रज्ञ समरेंद्र मौलिक यांनी १९२९मध्ये तिचं वर्णन केलं. तिला मौलिकचं इंद्रिय म्हणतात. स्नायूंनी ताणून साठवलेली ऊर्जा एकदम सुटते आणि किडा शरीराच्या कितीतरी पट दूर जाऊन पडतो. जुनी पुस्तकं पिसूभुंगेऱ्यांना अल्टिसिनी हे स्वतंत्र उपकुळ मानतात. डीएनएवर आधारित अभ्यासांनी ही रेघ पुसट केली. काही उडी मारणारे गट उडी न मारणाऱ्यांच्या जवळचे निघाले, म्हणजे फुगलेली मांडी एकापेक्षा जास्त वेळा उगम पावलेली दिसते. जुन्या आणि नव्या पुस्तकांत उपकुळाची नावं जुळली नाहीत तर घाबरू नका. तुमच्या नोंदीत कोणती पद्धत वापरली ते एकदा लिहा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

चौथी पायरी: अळी शोधा

पानभुंगेऱ्यांच्या अळ्यांचा विषय निघाला की विष्ठेला बगल देता येत नाही. इतक्या वेगवेगळ्या कामांना ती वापरणारं दुसरं भुंगेऱ्यांचं कुळ मला ठाऊक नाही.

कासवभुंगेऱ्याच्या अळीच्या कडेला काटे असतात आणि मागच्या टोकाला दुबेळकं. टाकलेल्या काती आणि विष्ठा ती या दुबेळक्यावर रचते आणि ते पाठीवर छत्रासारखं धरते. मुंगी जवळ आली की छत्र त्या बाजूला झुकवते. अमेरिकेतल्या हेमिस्फेरोटा सायनिया या जातीची अळी तर विष्ठेचे लांब धागे विणून अख्खं छप्पर बनवते आणि त्याखाली राहते. याच जातीच्या प्रौढाच्या पावलांवर सुमारे ६०,००० चिकट केस असतात. मुंग्यांनी हल्ला केला की तो पानाला असा चिकटून बसतो की त्यांना उलटवता येत नाही.

क्रायोसेरिनींच्या अळ्यांना छत्र नसतं. त्या ओली विष्ठा थेट पाठीवर वाहतात. लिलीच्या पानावर काळपट, ओलसर गोळा सरकताना दिसला तर त्याखाली अळी आहे. क्रिप्टोसेफॅलिनींमध्ये काम आईपासून सुरू होतं. मादी अंडं मागच्या पायांत धरून फिरवते, त्यावर विष्ठेचे थर चढवते आणि मग खाली टाकते. अळी त्याच कवचाला एका बाजूने उघडते, वाढेल तशी ते वाढवते, त्यातच फिरते आणि त्यातच कोष करते. म्हणून या उपकुळाच्या अळ्या पानावर शोधू नका. पालापाचोळा चाळा. क्लायट्रा क्वाड्रिपंक्टाटा या जातीची अळी तर मुंग्यांच्या वारुळात राहून त्यांची पिल्लंही खाते.

बाकीच्या उपकुळांत शोधायची जागा पुढीलप्रमाणे. क्रायसोमेलिनी: पानावर उघड्यावर, फुगीर, बऱ्याचदा घोळक्याने. युमोल्पिनी: मातीत, मुळांवर, पांढरी वाकडी अळी. हिस्पा: पानाच्या दोन थरांमध्ये, पान उजेडासमोर धरलं की सावली हलताना दिसते. गॅलेरुसिनी: काही पानावर, काही मुळांवर. डायब्रोटिका आणि ऑलॅकोफोरा मुळांवरच्या, त्यामुळे वर प्रौढ दिसले तरी निम्मं नुकसान जमिनीत चालू असतं. ब्रुकिनी: बियांत. दाण्यावर चिकटलेलं पांढरं अंडं आणि बाहेर पडण्याची गोल खिडकी या दोन खुणा पुरेशा आहेत. डोनासिइनीची अळी पाण्याखाली मुळांवर असते. मागच्या टोकाचे दोन काटे मुळात रुतवून ती वनस्पतीच्या आतल्या हवेच्या पोकळ्यांतून श्वास घेते.

एका गटाबद्दल इशारा. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या डायॅम्फिडिया प्रजातीच्या अळ्यांच्या रसापासून कालाहारीतले सान शिकारी बाणांचं विष बनवत आले आहेत. ते रक्तपेशी फोडतं. इतर बहुतेक पानभुंगेऱ्यांना हाताळायला हरकत नाही, पण काही दाबल्यावर सांध्यांतून किंवा तोंडातून कडू द्रव सोडतात. डोळ्यांना हात लावण्याआधी तो धुवा.

पाचवी पायरी: वाढवून पाहा

अळी आणि प्रौढ यांची जोडी खात्रीने जुळवायची तर अळी वाढवण्याला पर्याय नाही. डबीच्या तळाशी टिपकागद ठेवा आणि रोज त्याच झाडाचं ताजं पान द्या. पाणी साचू देऊ नका, बुरशीने अळ्या मरतात. बऱ्याच जाती मातीत कोष करतात, म्हणून अळीने खाणं थांबवलं की दोन-तीन बोटं ओलसर माती द्या. प्रौढ बाहेर आल्यावर लगेच मारू नका. कवच कडक व्हायला आणि खरा रंग यायला काही दिवस लागतात. कोषातून भुंगेऱ्याऐवजी बारीक गांधीलमाशी निघाली तर तीही नोंदवून जपून ठेवा. कोणत्या अळीतून कोणती परजीवी निघाली ही माहिती कमी लोकांकडे असते.

सहावी पायरी: नमुना आणि नोंद

फोटो चार हवेत: पाठ, बाजू, चेहरा, पोट. कासवभुंगेऱ्यांचा फोटो जिवंतपणीच घ्या. त्यांचा सोनेरी रंग कवचातल्या ओलाव्यावर अवलंबून असतो. मेल्यावर तो उडतो आणि संग्रहात तपकिरी किडा उरतो. कॅरिडोटेला एग्रेजियाला तर जिवंतपणी डिवचलं तरी ती सोनेरीची लाल होते.

छोट्या भुंगेऱ्यांना टाचणी टोचू नका. जाड कागदाच्या त्रिकोणी पट्टीच्या टोकावर उजव्या बाजूने चिकटवा, म्हणजे पोट आणि पाय पाहता येतात. चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि झाडाचं नाव. झाडाच्या नावाविना पानभुंगेऱ्याची चिठ्ठी मी अपुरीच समजतो.

जातीपर्यंत प्रत्येक वेळी पोचता येत नाही. अल्टिका प्रजातीतल्या निळ्या पिसूभुंगेऱ्यांमध्ये बाहेरून जवळजवळ काहीच फरक नसतो. नराचं जननांग बाहेर काढून त्याचा आकार पाहावा लागतो, मादीत शुक्रकोशिका, म्हणजे शुक्रजंतू साठवणारी पिशवी. हे करायची तयारी नसेल तर ‘अल्टिका, जात अनिश्चित’ असं लिहून, शेजारी झाडाचं नाव आणि अळी कुठे सापडली ते टिपून तिथेच थांबा. पुढच्या अभ्यासकाला त्या नोंदीवरून काम सुरू करता येतं. ओढूनताणून दिलेलं नाव मात्र आधी खोडावं लागतं.